चाळीसातले किती घोडे जिवंत आहेत?

आमच्याकडे ९७ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग, कॉम्प्युटरशिवाय), चार गिअरची, नानांनी घेतलेली. विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे "विकून टाक ना भो" हा सल्ला देणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. भडगाव ते चाळीसगाव, पाचोरा, जळगाव अशा सपाट रस्त्यावर गाडीबद्दल काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती कन्नडच्या घाटात. बहीण संभाजीनगरला दिलेली, उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं म्हणजे आम्ही चारपाच जण आणि वर मायने बांधलेले पापड, कुरडया, शेवया, गव्हाची गोणी, असं सगळं भरून चाळीसगाव सोडलं की घाटात गाडी दुसऱ्या गिअरमधून वर यायचंच नाव घेत नव्हती. तिसरा टाकला की इंजिन थरथरायला लागायचं, परत दुसरा, मग वीस-पंचवीसच्या स्पीडने घोंघावत वर, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न.

पॉवर वाढवायची म्हटलं की सल्ला देणारे खूप भेटतात. एक म्हणतो वॅगनआरचं इंजिन टाक, दुसरा म्हणतो फ्री फ्लो सायलेन्सर लाव, तिसरा म्हणतो मोठा एअर फिल्टर, चौथा म्हणतो महागातलं पेट्रोल टाकून बघ लगेच पिकअप येतो. मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, कागदावर चाळीसच्या आतच बीएचपी (म्हणजे घोडे), टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर साधारण ५९ न्यूटन मीटर आणि तो अडीच हजार आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, माणसं-सामान धरून हजार किलो पकडा. समजा आठ टक्के चढ आहे, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर वर. ताशी चाळीसच्या स्पीडने हजार किलो एवढ्या चढावर न्यायला चाकाला लागते साधारण बारा एचपी, टायरचं घर्षण आणि हवा धरून चौदा, गिअरबॉक्समधलं नुकसान धरून सोळा-सतरा. आणि इंजिन धड असेल तर नुसत्या तीन हजार आरपीएमला चोवीस-पंचवीस एचपी द्यायला पाहिजे. म्हणजे हिशोबाने गाडी चढायला पाहिजे. मग घोडे वाढवायचा प्रश्न नंतरचा, आहेत त्यातले गेले कुठे हे आधी शोधायचं असं मी ठरवलं.

आमचे मिस्तरी आप्पा, वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी फियाट आणि जीप करायचे, आता गॅरेज मुलगा बघतो पण कार्ब्युरेटरची गाडी आली की मुलगा त्यांनाच हाक मारतो कारण नव्या पोरांना स्कॅनर लावल्याशिवाय काही सुचत नाही (यात पोरांचा दोष नाही, त्यांनी कार्ब बघितलेलाच नसतो). आप्पांनी हिशोबाचा कागद बघितला, बाजूला ठेवला आणि सगळ्यात आधी एअर फिल्टरचं झाकण काढलं. मला म्हणाले आत बस आणि इंजिन बंद ठेवून पॅडल दाब. मी दाबला. कार्बमध्ये वाकून बघत आप्पा विचारतात,

"पुरं दाबेल शे ना?"

"हो आप्पा, मॅटला टेकलं."

"मंग आठे तं अर्धंच उघडेल शे."

म्हणजे इकडे कार्बमध्ये अर्धंच उघडलंय. उतरून बघितलं तर खरंच. ॲक्सिलरेटरची केबल वर्षानुवर्षं ताणून लांब झालेली, त्यात मी टाकलेलं जाड रबरी मॅट, त्यामुळे पॅडल तळाला लागलं तरी थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडणारी चकती पूर्ण उभी होतच नव्हती. अर्धं म्हणजे अगदी अर्धं नाही, पण पाऊण तरी. कुणी गाडीची पॉवर वाढवायची म्हणत असेल तर पहिली टेस्ट हीच करावी, पैसे लागत नाहीत, फक्त दोन माणसं लागतात. केबल नवी टाकली, मॅट काढून पातळ टाकलं.

पण तिथेच दुसरी गोष्ट सापडली. ह्या कार्बला दोन बॅरल, म्हणजे हवेच्या दोन वाटा असतात. हलक्या पायाने चालवताना एकच काम करतं, जास्त हवा लागली की दुसरं उघडतं आणि ते उघडतं व्हॅक्यूमवर, एका छोट्या रबरी डायफ्रामच्या जोरावर. आप्पांनी डायफ्रामच्या नळीला तोंड लावून हवा ओढली आणि जीभ लावून धरली, धड असेल तर जीभ चिकटून राहते, दांडी हलते आणि तशीच थांबते. दांडी हललीच नाही. उघडून बघितलं तर रबर घडीवर चिरलेलं. म्हणजे किती वर्षं गाडी एकाच बॅरलवर चालत होती देव जाणे. गावात फिरताना काय कळणार, गावात दुसरं बॅरल लागतच नाही, कळतं ते घाटात. डायफ्राम भडगावला मिळाला नाही, चाळीसगावलाही नाही, जळगावला जुन्या पार्टवाल्याकडे अख्खं कार्ब किट मिळालं. गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, ॲक्सिलरेटर पंपाचं रबर सगळं त्यातच आलं, बरं झालं.

मग एअर फिल्टरच्या डब्याला एक छोटा लिव्हर असतो ना, त्याच्यावर एस आणि डब्ल्यू लिहिलेलं असतं, समर आणि विंटर. विंटरला ठेवला की इंजिन बाहेरची हवा न घेता एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवरून (इंजिनला जोडलेल्या धुराच्या पाईपवरून) तापलेली हवा ओढतं, थंड प्रदेशात कार्ब गारठू नये म्हणून केलेली सोय. आमचा लिव्हर विंटरवर होता आणि गंजून तिथेच बसलेला. खान्देशात विंटर! जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे आमची गाडी बिचारी सायलेन्सरची हवा हुंगत फिरत होती. ह्याने किती फरक पडतो ते मोजता येतं, हवा जेवढी गरम तेवढी विरळ. पंचवीस डिग्रीच्या हवेच्या तुलनेत पंचेचाळीसची हवा साधारण सहा टक्के विरळ असते, आणि ऐंशी डिग्रीची हवा पंधरा-सोळा टक्के. म्हणजे सिलेंडरमध्ये ऑक्सिजनच तेवढा कमी जातो, मग पेट्रोल कितीही भारी टाका. डब्ल्यूडी फोर्टी मारून लिव्हर मोकळा केला, एसवर आणला, आणि फिल्टरच्या तोंडाला एक पाईप जोडून त्याचं टोक हेडलाईटच्या मागे, रेडिएटरच्या वाऱ्यापासून बाजूला नेलं. पाईप साधा, कुलरवाल्याकडचा नाही, गाडीचाच, भंगारातून आणलेला. मोठा कोन फिल्टर लावून उघडा सोडला असता तर आवाज भारी आला असता पण हवा बॉनेटखालची गरमच ओढली असती. हे मी फिल्टर लावणाऱ्या पोरांना सांगतो तेव्हा ते मोबाईल बघायला लागतात.

आता मुख्य भाग, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधली हवा किती दाबतो ते. तिन्ही प्लग काढून गेज लावलं, पॅडल पूर्ण दाबून स्टार्टर मारला. एक आणि दोन नंबर एकशे साठच्या पुढे पीएसआय, तीन नंबर एकशे तीसच्या खाली. तीन सिलेंडरच्या इंजिनात एक लंगडा म्हणजे घरातल्या तीन कमावत्यांतला एक आजारी, बाकीचे दोघं ओढतात पण घर थरथरतं. तिसऱ्या गिअरमधली थरथर म्हणजे हीच. आप्पांनी तीन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडलं आणि परत गेज लावलं. ऑईल टाकल्यावर प्रेशर वाढलं तर पिस्टनच्या रिंग गेल्या, कारण ऑईल रिंगभोवतीची फट भरून काढतं. नाही वाढलं तर वॉलमधून (व्हॉल्व्ह, हवा-धूर आतबाहेर सोडणारी झडप) किंवा गॅस्केटमधून जातंय. आमचं जवळजवळ तिथंच राहिलं. म्हणजे वॉल. हे ऐकून मला आनंद झाला, कारण रिंग-पिस्टन म्हणजे इंजिन खाली उतरवा, बोर करा, खर्च तिप्पट. वॉलसाठी नुसतं हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण काढलं की झालं.

हेड काढलं. तीन नंबरचा एक्झॉस्ट वॉल कडेला जळून एक बारीक खाच पडलेली, नखाला लागेल अशी. हेड घेऊन चाळीसगावला मशीन शॉपवर गेलो. दोन वॉल नवे, सीट कटिंग, गाईडचे सील, आणि फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. इथे मशीनवाल्याशी माझी चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, "एक एमएम उडवून टाकू ना दादा, कॉम्प्रेशन वाढतं, गाडी पळते." हे सगळीकडेच सांगतात, आणि अगदीच खोटं नाही. पण हिशोब करू. एका सिलेंडरचं व्हॉल्यूम आहे २६५ सीसी, कॉम्प्रेशन रेशो साधारण ८.७, म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा साडेचौतीस सीसी. हेड अर्धा एमएम घासलं तर त्यातली दीडेक सीसी जागा कमी होईल, रेशो होईल नऊच्या आसपास. आणि ८.७ चा ९ झाला तर थिअरीत फायदा किती? जेमतेम एक टक्का! एक एमएमला दोन टक्के धरा. त्या दोन टक्क्यांसाठी पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, भरल्या गाडीत, घाटात नॉकिंगची (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनला ठोके बसायची) भीती विकत घ्यायची, परत पुढच्या वेळी गॅस्केट गेलं की घासायला हेडमध्ये मटेरियल उरत नाही. शिवाय ओव्हरहेड कॅम आहे, म्हणजे वॉल उघडणारी दांडी हेडवरच असते, हेड खाली आलं की कॅम खाली येतो आणि टायमिंग बेल्टच्या हिशोबात कॅम थोडा मागे पडतो, हे तर कुणी बोलतच नाही. मी म्हटलं पट्टी लावून बघा, जेवढं वाकलंय तेवढंच काढा. तो थोडा नाराज झाला, पण काम चोख केलं.

पोर्टचं, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेचं मात्र एक काम करून घेतलं. मॅनिफोल्डचं गॅस्केट भोकाच्या आत डोकावत होतं, आणि मॅनिफोल्डचं भोक आणि हेडचं भोक एकमेकांना नीट जुळत नव्हतं, कडेला पायरी होती. गॅस्केट कापून सारखं केलं आणि पायरी बारीक फाईलने उतरवली. आरशासारखं पॉलिश वगैरे काही नाही. इनटेक पोर्ट चकचकीत केला की कार्बच्या गाडीत पेट्रोल भिंतीला जास्तच चिकटतं असं आप्पांचं मत आहे आणि मला ते पटतं. मोठा पोर्ट केला की हवेचा वेग कमी होतो, वरच्या आरपीएमला फायदा, खाली तोटा. मला घाटात अडीच-तीन हजारावर ताकद पाहिजे, सहा हजारावर नाही.

हेड बसल्यावर बेल्ट नवा, टॅपेटची (वॉलची) फट फिलर गेजने, आणि मग टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडायचा ते. आप्पा टायमिंग कानाने लावतात आणि त्यांचा कान चांगला आहे, पण त्यांच्या मुलाकडे टायमिंग लाईट होती, तिने बघितलं तर डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलेंडरला स्पार्क वाटणारा भाग) बराच मागे होता. त्यापेक्षा वाईट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं, जी आरपीएम वाढला की बाहेर फेकली जातात आणि स्पार्क पुढे आणतात, ती ग्रीस वाळून जाम झालेली. म्हणजे इंजिन कितीही फिरलं तरी स्पार्क आळशासारखा मागेच. पेट्रोलने धुऊन, तेल लावून मोकळी केली. महागातलं पेट्रोल ह्याच ठिकाणी समजून घ्यायचं असतं. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नाही, जास्त ऑक्टेन म्हणजे लवकर नॉक होणार नाही एवढंच. तुमची गाडी नॉक करतच नसेल आणि टायमिंग मागेच असेल तर ते पेट्रोल टाकून फक्त पंपवाल्याला बरं वाटतं.

पेट्रोलवरून आठवलं, सगळ्यात जास्त डोकं ह्याच्यात गेलं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं, ई २०. नव्या गाड्यांमध्ये सेन्सर असतात, कॉम्प्युटर स्वतःच पेट्रोल वाढवतो. कार्बला डोकं नाही, त्याला पेट्रोल मोजून सोडणारं एक भोक आहे, जेट. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे एक किलो साध्या पेट्रोलला जाळायला १४.७ किलो हवा लागते तर ई २० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन पाहिजे, आणि भोक तर ९७ सालच्या पेट्रोलच्या मापाचं. परिणाम काय, मिक्स्चर पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हेड व्हायच्या आधीचे प्लग बघितले होते तेव्हा टोकं पांढुरकी होती, विटकरी-तपकिरी पाहिजेत. पातळ मिक्स्चरने पॉवर जाते, थंडीत चोक जास्त लागतो, आणि एक्झॉस्ट वॉल तापतो तो वेगळाच. तीन नंबरचा वॉल त्यानेच जळला असं मी छातीठोक सांगणार नाही, गाडी पंचवीस वर्षं ओलांडलेली आहे, पण हातभार नक्की असेल.

यावर गॅरेजचा पारंपरिक उपाय म्हणजे जेटमध्ये तार फिरवून भोक मोठं करायचं. असं कधी करू देऊ नका. भोकाचा व्यास चारच टक्के वाढला की क्षेत्रफळ आठ टक्के वाढतं, म्हणजे एक मिलिमीटरच्या भोकाला चार शतांश मिलिमीटर, एवढं माप तारेने हाताने कुणाला जमणार? मेन जेट एक साईज वरचा शोधला, तो बसवला, मोकळ्या रस्त्यावर पारोळ्याकडे दामटून नेली, चालत्या गाडीत इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये बाजूला घेतली आणि तिथेच प्लग काढून रंग बघितला. गॅरेजपर्यंत आयडलवर आणली तर प्लग आयडलचा रंग दाखवतो, म्हणून तिथेच बघायचा. (इंजिन बंद केलं की ब्रेकचा बूस्टर असलेल्या गाडीत ब्रेक जड होतो आणि चावी पूर्ण फिरवली तर स्टेअरिंग लॉक होतं, तेव्हा रिकामा रस्ता असेल तरच हे करायचं.) रंग आला, थोडा गडद, पण घाटासाठी थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्तच बरं. त्याच्यासोबत पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाईप बदलले, इथेनॉल जुन्या रबराला खातं, दोन पाईप तर बोटाने दाबल्यावर भेगाळले. बॉनेटखाली तापलेल्या मॅनिफोल्डच्या शेजारी असा पाईप म्हणजे आगीला आमंत्रण, पॉवर राहू द्या बाजूला.

आतेभाऊ मध्येच एकदा गाडी घेऊन आला, त्याचीही ८००, माझ्यापेक्षा दोन वर्षं नवी. त्याने तेरा इंची मॅग व्हील आणि १५५/७० चे टायर घातलेत, दिसते झकास. मला म्हणे तू एवढी खटपट करतोस त्यापेक्षा चाकं बदल, ग्रिप येते. मी त्याच्यासमोरच मोजलं. ओरिजनल १४५/७० आर १२ चा व्यास ५०८ मिमी, त्याच्या टायरचा ५४७. साडेसात टक्के मोठं चाक म्हणजे सगळे गिअर साडेसात टक्के उंच, म्हणजे चढावर ओढ तेवढीच कमी, वर मीटर कमी स्पीड दाखवतो ते वेगळं. आणि सायलेन्सर त्याने मोठ्या पाईपचा लावलाय, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठतात, पण खालच्या आरपीएमला गाडी मेलेली. तो म्हणतो वरती खेचते. खेचत असेल, पण घाटात वरती पोचायच्या आत गिअर बदलावा लागतो ना रे बाबा. मी सायलेन्सर ओरिजनल मापाचाच नवा टाकला, जुना हलवल्यावर आत पत्रे खडखडत होते, एखादा पत्रा सुटून आडवा बसला की इंजिनचा श्वास कोंडतो.

बाकी किरकोळ. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवली, पुढचं डावं एका फेरीतच थांबायचं, कॅलिपरची पिन जाम. साफ केली. हवा बरोबर ठेवली. डिकीतली नानांनी जमवलेली लोखंडी पेटी, दोन जॅक आणि एक मोडकी स्टेपनी काढली.

वॅगनआरच्या इंजिनचं विचाराल तर १०६१ सीसीचं ते इंजिन ८०० मध्ये बसवलेली गाडी मी बघितली आहे आणि ती वेड्यासारखी पळते. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी चालत नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. नोंद नसताना ॲक्सिडेंट झाला आणि इन्शुरन्सवाल्याने इंजिन नंबर ताडून बघितला की संपलं. परत ब्रेक, सस्पेन्शन ८०० चंच राहतं. घाट चढायला मजा, उतरायला?

जूनच्या आधी परत बहिणीकडे गेलो, तेवढीच माणसं, गोणी यावेळी ज्वारीची. घाट सुरू व्हायच्या आधी एसी बंद केला, कारण एवढ्याशा इंजिनात एसी दोनचार घोडे सहज खातो. तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसने गाडी चढत राहिली, थरथर नाही, तीव्र वळणांवर दुसरा टाकावा लागला तो लागलाच, पण वळण संपलं की परत तिसरा घेते. नाना मागे बसले होते, त्यांना गाडीतलं सगळं कळतं पण कौतुक तोंडाने करायचं नाही, ते म्हणाले "आज ट्रॅफिक कमी होती". बायकोने माझ्याकडे बघितलं आणि हसली.

सगळा खर्च पार्ट, मशीन शॉप आणि आप्पांची मजुरी धरून पंधरा हजाराच्या आत बसला. पीयूसीला जायची थोडी धाकधूक होती, रिच केल्यामुळे धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साईड) वाढतो, पण आयडलचं मिक्स्चर वेगळ्या स्क्रूवर असतं, ते आप्पांनी मशीनसमोर उभं राहून लावलं आणि ह्या जुन्या गाड्यांना तीन टक्क्यांची मर्यादा आहे तिच्या बरंच खाली आलं. ॲव्हरेज सपाट रस्त्यावर होतं तेवढंच आहे. एक राहिलंय, आता इंजिन जास्त काम करतं तर घाटाच्या माथ्यावर टेंपरेचरचा काटा पूर्वीपेक्षा एक रेघ वर जातो, फॅन वेळेवर लागतो म्हणजे रेडिएटरच आतून चोंदला असणार. तो काढून रॉडिंगला (सळई घालून आतला गाळ काढायला) द्यायचाय, रेडिएटरवाल्याकडे सध्या ट्रॅक्टरची गर्दी आहे, पेरण्या झाल्या की बघतो म्हणालाय.